फाटक कोणाच्या हातात

दहिसर पूर्वेच्या आनंदनगरात ‘पांचाली’ नावाची एक इमारत उभी राहिली. उपनगरातल्या कुठल्याही गल्लीत दिसावी तशीच: खाली खांब, खांबांच्या मध्ये गाड्या लावायची जागा, वर घरे. बोरिवली-दहिसरकडच्या माणसाला तिच्यात नवे काही दिसणार नाही. पण त्या खांबांमधल्या २५ जागांवरून जो दावा उभा राहिला, तो शहर दिवाणी न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून थेट दिल्लीला गेला. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आर. एम. लोढा आणि न्या. ए. के. पटनाईक यांच्या पीठाने त्यावर निकाल दिला. ‘नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था’ हे त्या खटल्याचे नाव. पार्किंगवरून सोसायटीच्या सभेत आवाज चढला आणि कोणी ‘अहो, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय’ म्हणाला, की बहुधा त्याच्या डोक्यात हाच निकाल असतो. तो चार स्टेशनांपलीकडच्या दहिसरचा आहे, हे मात्र त्याच्या गावी नसते.

निकालात काय म्हटले ते पुढे येईलच. आधी एक साधी गोष्ट पाहू: कोर्टात गेले कोण? रहिवासी गेले नाहीत, बिल्डर गेला. दाव्यातली त्याची मागणी अशी की सोसायटीने या २५ जागांवर अतिक्रमण करू नये, आपल्या ताब्यात अडथळा आणू नये, आणि तसा कायमचा मनाईहुकूम मिळावा. आपल्या मनातले चित्र याच्या उलटे असते. बिल्डर बलदंड, रहिवासी पिचलेले, आणि न्याय मागायला पिचलेला जातो, असे आपण धरून चालतो. इथे बलदंडालाच न्यायालयाची पायरी चढावी लागली, कारण इमारतीत माणसे राहायला आली की जागेवरची सत्ता हळूहळू त्यांच्याकडे सरकते. रात्री गेटवर कोण बसतो, त्याचा पगार कोण देतो, कुठली गाडी आत सोडायची हे त्याला कोण सांगतो, यावर सगळे ठरते. बिल्डरकडे करारनामे होते. गेट सोसायटीकडे गेले होते.

पार्किंगच्या पैशांचा कुठलाही तंटा समजून घ्यायचा असेल तर कलमे चाळण्याआधी हा प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे: या घडीला फाटक कोणाच्या हातात आहे? ज्याच्या हातात ते आहे त्याला वकील लागत नाही. कोर्टात जातो तो दुसरा.

हे नीट दिसते ते इंग्लंडमध्ये. तिथे खासगी पार्किंग कंपन्या हजारो मोटारवाल्यांवर दिवाणी दावे लावतात, आणि हा एक रुळलेला धंदा आहे. तो तसा का झाला? २०१२ पर्यंत या कंपन्यांच्या हातात जामर होता. मुदतीपेक्षा जास्त वेळ गाडी उभी राहिली की चाकाला कुलूप, आणि पैसे दिल्याशिवाय सुटका नाही. लोक इतके कावले की ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायद्याने १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेवर जामर लावणे हाच गुन्हा ठरवला. फाटक हातून गेले. बदल्यात कंपन्यांना दुसरे हत्यार मिळाले. गाडी कोण चालवत होता हे कळले नाही तरी, ठरावीक अटी पाळल्या असतील तर, नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून पैसे मागता येतील, अशी तरतूद त्याच कायद्यात झाली. वाहन नोंदणी खाते कंपनीला त्या माणसाचे नाव-पत्ता अडीच पौंडाला देते. अलीकडच्या वर्षांत अशा नोंदी वर्षाला एक कोटीहून अधिक विकल्या गेल्या आहेत. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, संगणक पत्ता मागवतो, पत्र घरी जाते, आणि पैसे आले नाहीत तर दावा. तीनशे पौंडांपर्यंतच्या दाव्याला कोर्ट फी ३५ पौंड. एवढ्या स्वस्तात कंपनी कोर्टाची पायरी कितीही वेळा चढू शकते.

त्यातला सर्वांत गाजलेला खटला चेम्सफर्ड शहरातल्या एका खरेदी संकुलातला. दोन तास पार्किंग फुकट, त्यापुढे थांबलात तर ८५ पौंड, असे फलक जागोजागी होते. तळलेले मासे आणि बटाटे विकणारा एक दुकानदार एप्रिल २०१३ मध्ये ५६ मिनिटे जास्त थांबला आणि पैसे द्यायला नकार देऊन बसला. ‘पार्किंगआय’ कंपनीने दावा लावला. हा दंड आहे, नुकसानभरपाई नव्हे, आणि खासगी माणसाला दंड करायचा अधिकार नाही, हा दुकानदाराचा मुद्दा. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा मताने कंपनीच्या बाजूने कौल दिला. जागा मोकळी होत राहावी यात जमीनमालकाचा रास्त हितसंबंध आहे, ८५ पौंड त्या मानाने अवाच्या सवा नाहीत, असे त्यांचे म्हणणे. या खटल्यात बाहेर आलेला एक तपशील मला निकालाहून बोलका वाटतो: तो वाहनतळ सांभाळण्याबद्दल कंपनी जमीनमालकाकडून पैसे घेत नव्हती. उलट तीच त्याला आठवड्याला एक हजार पौंड देत होती. म्हणजे लोक वेळेत निघून गेले तर कंपनी बुडणार, आणि लोक चुकले तरच ती जगणार.

आता अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या मॉलच्या तळघरात या. इथे असा एक तरी दावा लागल्याचे तुम्ही ऐकले आहे का? नसणारच. बाहेर पडताना आडवी दांडी असते. पावती द्या, पैसे द्या, दांडी वर जाते. वाद घालायचा तर मागे सहा गाड्या हॉर्न वाजवत उभ्या आहेत, पुढे दांडी खाली आहे, आणि केबिनमधला मुलगा महिन्याच्या पगारावर असून त्याच्या हातात काहीच नाही. चाळीस, साठ, शंभर रुपयांसाठी कोण तिथे कायदा काढणार? तिकीट हरवले तर फलकावर लिहिलेली ठोक रक्कम मोजायची आणि घरी जायचे. हा तंटा दोन मिनिटांत, जागच्या जागी, एकतर्फी निकालात निघतो. अपील नाही.

समजा एखादा दांडीतून निसटलाच, तर ठेकेदार त्याच्यामागे कोर्टात जाईल का? कागदावर वाट आहे. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात दहा हजार रुपयांपर्यंतच्या रकमेचे दावे चालतात, आणि पार्किंगची कुठलीही थकबाकी त्यात आरामात मावते. पण दावा लावायला नाव-पत्ता लागतो. आपल्याकडे ‘वाहन’ या सरकारी नोंदीत नंबर टाकून पाहा. मालकाच्या नावाची अर्धी अक्षरे फुल्यांखाली झाकलेली दिसतील. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ही माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले होते, ते जून २०२० मध्ये मागे घेतले. शिवाय समन्स बजावणे, तारखा, वकिलाची फी. ज्या धंद्याला इंग्लंडात अडीच पौंड आणि एक टपाल पुरते, त्याला इथे एका गाडीमागे वर्षानुवर्षे घालवावी लागतील. म्हणून इथल्या ठेकेदाराने अक्कलहुशारीने सगळी भिस्त दांडीवर ठेवली.

आणखी एक अडचण कायद्यातच आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. आपला करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या ७४ व्या कलमाने इंग्रजी कायद्यातला तो जुना घोळ, दंड कुठला आणि आधी ठरलेली भरपाई कुठली, मुळातच काढून टाकला. करारात किंवा फलकावर काहीही रक्कम लिहा, तिला काहीही नाव द्या. न्यायालय देईल ती फक्त वाजवी भरपाई, आणि तीही त्या रकमेच्या आतली. ‘फतेहचंद’ खटल्यात १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले. जानेवारी २०१५ मध्ये ‘कैलाशनाथ असोसिएट्स’ निकालात आणखी स्पष्ट केले की मुळात नुकसान झालेच नसेल तर भरपाईही नाही, आणि नुकसान सिद्ध करता येण्याजोगे असेल तर ते सिद्ध करावे लागेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिकडे चेम्सफर्डचा निकाल लागला, तो उलट्या दिशेने. ‘तिकीट हरवल्यास ५०० रुपये’ असा फलक घेऊन कोणी मुंबईच्या कोर्टात उभा राहिलाच, तर त्याला पहिला प्रश्न येईल: गाडी आत किती तास होती, आणि तुमचे बुडाले किती? ज्या वाहनतळावर प्रत्येक गाडीचा आत येतानाचा फोटो आणि वेळ कॅमेऱ्यात आहे, त्याला या प्रश्नाचे सोयीचे उत्तर देता येणार नाही.

फाटक कोर्टाची जागा घेते याचा स्वच्छ नमुना केरळात मिळतो. डिसेंबर २०२१ मध्ये कोचीच्या लुलू मॉलमध्ये एका चित्रपट दिग्दर्शकाकडे २० रुपये मागितले. त्याने नकार दिला. त्याच्या याचिकेप्रमाणे, कर्मचाऱ्यांनी बाहेर जायचा दरवाजा बंद केला आणि दमदाटी केली. मग त्याने पैसे दिले आणि उच्च न्यायालय गाठले. पाहा, कोर्टात कोण गेला? ज्याच्यासमोर दरवाजा बंद झाला तो. जानेवारी २०२२ मध्ये एकल न्यायमूर्तींनी प्रथमदर्शनी मत दिले की इमारतीला परवानगी मिळवण्यासाठी जी पार्किंगची जागा ठेवणे बंधनकारक आहे, तिचेच पैसे घेता येणार नाहीत. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, मुंबईतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तो संदेश ‘आता मॉलमध्ये पार्किंग फुकट’ म्हणून फिरला. पुढे २०२५ मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मॉलच्या बाजूने कौल दिला. तो संदेश मात्र कोणी पुढे पाठवला नाही.

गुजरातेत पात्रे बदलतात. तिथे २०१८ मध्ये पोलिसांनी अहमदाबाद आणि सुरतच्या मॉलना नोटिसा दिल्या की पार्किंगचे पैसे घेऊ नका. फाटक हातून निसटतेय म्हटल्यावर उच्च न्यायालयात धाव कोणी घेतली? मॉलवाल्यांनी. एकल न्यायमूर्तींनी पहिला तास फुकट आणि पुढे मर्यादित शुल्क असा मधला मार्ग काढला. जुलै २०१९ मध्ये खंडपीठाने तोही मोडून, शुल्क घेताच येणार नाही असे सांगितले. पार्किंग देणे ही बांधकाम नियमावलीची अट आहे, तिच्यातून कमाई करायची मुभा नियमावली देत नाही, हा त्यामागचा धागा.

महाराष्ट्रात हाच मुद्दा आणखी टोकदार व्हायला हवा होता, कारण इथे एफएसआयचा, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकाचा, हिशेब आहे. पार्किंगसाठी ठेवलेले क्षेत्र चटई क्षेत्रात मोजत नाहीत. म्हणजे तळघराचे दोन मजले बांधायचे, ते हिशेबाबाहेर राहतात, आणि वर दुकानांसाठी पूर्ण एफएसआय मिळतो. ही सवलत गाड्या रस्त्यावर येऊ नयेत म्हणून दिलेली आहे. त्याच जागेवर तासाला अमुक रुपये लावले की ग्राहक गाडी कुठे लावतो? बाहेर, लिंक रोडवर किंवा एलबीएस मार्गावर. सवलतीचा हेतू तिथेच संपतो. पुणे महापालिकेने २०१९ मध्ये नेमक्या याच युक्तिवादावर मॉल आणि मल्टिप्लेक्सना पार्किंग फुकट ठेवायला सांगितले होते. मुंबईच्या उपनगरांत दांडी आहे तशीच आहे, आणि शंभर रुपयांसाठी उच्च न्यायालयात जाणारा कोणी चिवट माणूस निघाल्याशिवाय हा प्रश्न इथे न्यायाधीशांसमोर जाणार कसा?

दांडीच्या शेजारी आणखी एक फलक असतो: ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’. पैसे तुम्ही घेणार आणि जबाबदारी आमची! याची खरी किंमत किती, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ठरवले. प्रकरण दिल्लीच्या ताज महाल हॉटेलमधले, १ ऑगस्ट १९९८ च्या रात्रीचे. पाहुण्याने आपली मारुती झेन किल्लीसकट हॉटेलच्या माणसाच्या हवाली केली, आणि ती तिथून चोरीला गेली. पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलेलेच होते. विमा कंपनीने मालकाला पैसे दिले आणि मग ती हॉटेलमागे लागली. न्यायालय म्हणाले, किल्ली घेतलीत, गाडी ताब्यात घेतलीत, म्हणजे ती ठेव झाली. ठेव सांभाळणाऱ्याने वाजवी काळजी घेतली नाही तर छापील ओळीमागे लपता येणार नाही. किल्ली तुमच्याच खिशात असते तिथे मामला इतका सरळ नाही. इंग्लंडातल्या १९३७ च्या ‘अ‍ॅशबी विरुद्ध टोलहर्स्ट’ खटल्यापासून ठेव आणि नुसती उभे राहण्याची परवानगी यांत फरक करतात. म्हणून हॉटेलच्या दारात किल्ली देताना पावती खिशात नीट ठेवावी. इथे ताबा त्यांच्याकडे असणे तुमच्या फायद्याचे आहे.

आता दहिसरला परत जायला हवे, कारण त्या निकालाने खरा बदल फाटकाच्या मालकीत केला.

बिल्डरचा युक्तिवाद चतुर होता. १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात, त्यात सदनिकेच्या व्याख्येत ‘गॅरेजसह’ असे शब्द आहेत. खांबांमधली जागा म्हणजे गॅरेज, गॅरेज म्हणजे सदनिका, आणि सदनिका विकायचा हक्क बिल्डरचा. शिवाय प्रत्येक घर घेणाऱ्याने लिहून दिले होते की स्टिल्टमधल्या (म्हणजे खांबांमधल्या) आणि मोकळ्या जागा बिल्डरच्याच, त्याने त्या विकल्या तर आपली हरकत नाही. घर घेताना कोण सही करत नाही? पन्नास पानांवर दलाल बोट ठेवतो तिथे आपण सही ठोकतो.

शहर दिवाणी न्यायालयाने ४ एप्रिल २००७ रोजी दावा फेटाळला, उच्च न्यायालयाने २५ एप्रिल २००८ रोजी तोच निर्णय कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न घर घेणाऱ्या साध्या माणसाच्या नजरेतून पाहिला: खांबांमधल्या उघड्या जागेला तो गॅरेज म्हणेल का? नाही म्हणणार. आणि ‘गॅरेजसह’चा अर्थ घराला जोडून असलेले गॅरेज एवढाच; सुटे गॅरेज ही स्वतंत्र सदनिका होत नाही. मग या जागा सामाईक क्षेत्रात मोडतात. त्यांची किंमत बिल्डर सदनिकेच्या चटई क्षेत्राच्या प्रमाणात सगळ्यांकडून वसूल करू शकेल, पण तुकडे पाडून विकू शकणार नाही. विकायला त्याच्याकडे उरतात त्या फक्त न विकलेल्या सदनिका. आणि ती सही केलेली हमीपत्रे? कायद्याने जो हक्क दिलाच नाही, तो ग्राहकाच्या सहीने निर्माण होत नाही.

म्हणजे ज्याने २५ जागांच्या ताब्यासाठी दावा लावला, त्याने निकालात महाराष्ट्रभरच्या बिल्डरांचा असला हक्क घालवला. गप्प बसला असता तर? मला वाटते, या खटल्यातला सर्वांत मोठा धडा बिल्डरांच्या वकिलांनी घेतला असेल. त्यानंतर करारनाम्यांत पार्किंग ‘विकले’ जाणे बंद झाले. ‘वाटप’ सुरू झाले. पैशांचे काय होत असे ते ज्याने त्याने आठवावे. पुढे २०१६ चा रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेचे नियमन करणारा, कायदा आला. त्याने मोकळे पार्किंग सामाईक क्षेत्रात घातले आणि गॅरेजची व्याख्या छप्पर व तीन बाजूंना भिंती अशी बांधून दिली. एप्रिल २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाने, फर्मावले की आच्छादित पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारात लिहा. हे सुचण्याचे कारण उघड आहे: खांबाला घासल्याशिवाय दार उघडत नाही अशा जागा लोकांच्या गळ्यात मारल्या जात होत्या.

फाटक सोसायटीकडे आले. मग काय झाले? उपनगरातली प्रत्येक सोसायटी ही एक छोटी पार्किंग कंपनी झाली. आदर्श उपविधींप्रमाणे जागांचे वाटप आणि शुल्क सर्वसाधारण सभा ठरवते. जागा ३०, गाड्या ५०; दुसऱ्या गाडीला वाढीव दर, भाडेकरूच्या गाडीला आणखी वेगळा, पाहुण्यांसाठी वहीत नोंद. आणि इथे, फक्त इथेच, आपल्याकडे तो इंग्लंडसारखा प्रकार उद्भवतो: पार्किंगच्या वादग्रस्त पैशांसाठी खासगी संस्था कायद्याच्या दारात जाते. कारण सोपे आहे. सभासदाची गाडी रोज आत येणारच, त्याला दांडीवर अडवता येत नाही. अडवले तर तो शंभर नंबर फिरवेल. काही समित्या जामर लावतात. मला हे नसते धाडस वाटते, कारण माणसाला त्याच्या वाटेने जाऊ न देणे हा भारतीय न्याय संहितेच्या १२६ व्या कलमाखाली गुन्हा होऊ शकतो, आणि सोसायटीचा सचिव म्हणजे पोलीस नव्हे.

म्हणून पैसे देखभालीच्या बिलात चढतात. सभासद म्हणतो, ‘हा दर मला मान्य नाही, बाकीचे भरतो.’ बाकीचे भरतो, पार्किंगचे मागे टाकतो. थकबाकीवर उपविधींप्रमाणे वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकते. मग समिती सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. पूर्वी हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या १०१ व्या कलमाखाली होत असे; २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ब-२९ हे वेगळे कलम आले. हा दाखला म्हणजे काय चीज आहे हे थकबाकीदाराला बहुधा उशिरा कळते. त्याची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, जप्तीपर्यंत. आणि दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. चेम्सफर्ड खटल्यातल्या दुकानदाराला निदान मागितलेले पैसे आधी न भरता सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडता आले. आपला मुलुंडचा सभासद निम्मे पैसे मोजून वादाला सुरुवात करतो.

त्याने काय करावे? दर चुकीच्या ठरावाने लागला असेल, सभेची नोटीस नीट नव्हती, एकाच गटावर मुद्दाम जास्त दर लावला, असे काही असेल तर ठरावालाच सहकार न्यायालयात ९१ व्या कलमाखाली आव्हान द्यावे, आणि ते दाखला निघण्याच्या आधी. मधल्या काळात ‘हरकत राखून भरणा’ असे लिहून पैसे भरावेत. गप्प राहून बिल न भरणे हा सर्वांत महागडा निषेध आहे, हे मी कितीतरी सोसायट्यांत पाहिले आहे. मॉल किंवा ठेकेदाराच्या बाबतीतही तेच: पावती घ्या, फलकाचा फोटो काढा, पैसे द्या, मग भांडा. वांद्रे पूर्वेला उपनगर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. शंभर रुपयांची तक्रार हास्यास्पद वाटेल, पण ती नोंदली गेली तर दांडीमागच्या कंपनीला उत्तर द्यायला माणूस पाठवावा लागतो, आणि त्या माणसाचा दिवस शंभर रुपयांहून महाग असतो.

रस्त्यावर फाटक सरकारचे. त्याचा माज कसा असतो हे उपनगराने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाड पश्चिमेला बाळाला पाजत बसलेल्या बाईसकट गाडी ओढून नेली, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि हवालदार निलंबित झाला. मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे गाडी हलवायचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. टोइंगच्या ठेकेदाराच्या पोरांना स्वतःच्या जोरावर नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने २६ सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा गाडी लावली तर मोटारीला १०,००० आणि दुचाकीला ५,००० रुपये दंड सुरू केला. यातले बरेच वाहनतळ विकास नियमावलीखाली बिल्डरांनी जादा एफएसआयच्या बदल्यात बांधून दिलेले. जागा जनतेच्या एफएसआयवर उभी, ती रिकामी पडते म्हणून दंडही जनतेलाच. आणि ई-चलान आल्यापासून राज्यच त्या इंग्रजी कंपनीसारखे वागू लागले आहे: फोटो, मालकाचा पत्ता, मोबाइलवर संदेश, थकले की लोकअदालतीची नोटीस. फरक एवढाच की पत्त्यासाठी त्याला अडीच पौंड मोजावे लागत नाहीत.

दांडीही आता बदलते आहे. विमानतळांवर आणि काही मॉलमध्ये पार्किंगचे पैसे फास्टॅगमधून कापले जातात. पूर्वी केबिनमधल्या मुलाशी निदान हुज्जत घालता येत असे. आता पैसे आधी जातात, संदेश नंतर येतो, आणि रक्कम चुकली तर तक्रार मॉलकडे नव्हे, टॅग देणाऱ्या बँकेकडे सुरू करावी लागते.

ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर बोलताना विचारले होते की गाडी ठेवायला जागा नसलेल्या कुटुंबाला चार-चार गाड्या घेऊ का द्याव्यात. मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी तशी घोषणाच केली: पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही. हे नियमात उतरले तर फाटक थेट आरटीओच्या खिडकीवर येईल. महापालिका प्रमाणपत्र देईल, पण जागा खरोखर आहे का हे विचारायला तिचा माणूस शेवटी सोसायटीच्याच कार्यालयात येणार. तिथे ३० जागा आणि ५० गाड्यांची वही घेऊन सचिव बसलेला असेल, आणि ज्या सभासदाचे पार्किंगचे बिल थकले आहे त्याचाही अर्ज त्या गठ्ठ्यात असेल.